शेजारच्या वेढ्यावर

“थांब जरा. आई यायला वेळ लागतो,” अण्णा म्हणाले.

मी दारातच थबकले. हातातली पिशवी खाली ठेवायचंही सुचेना. आदल्याच दिवशी ज्या डब्यानं शॉक देऊन त्यांना भिंतीवर आदळलं होतं, त्याच डब्याचं बटण दाबून माझा बाप समोर मांडी घालून बसला होता. उजव्या तळहाताला बँडेज, कपाळावर टेंगूळ, आणि चेहरा असा की जसे काही पूजेलाच बसलेत.

“अण्णा, आधी बंद करा ते!”

“हात लावू नको. तापू दे.”

“मरायचंय का तुम्हाला?”

“ओरडू नको गं. मग ऐकू येत नाही.”

ओरडू नको म्हणे! शेजारच्या मालनकाकूंचा फोन आल्यापासून माझा जीव टांगणीला लागला होता. सांगलीहून इचलकरंजीपर्यंत एसटीत मी देवाला काय काय बोलले असेन ते माझं मला माहीत. आणि इथं हे डोळे मिटून बसलेले. डब्यातल्या काचेच्या व्हॉल्व्हमध्ये नारिंगी तार पेटत गेली, स्पीकरमधून आधी घूं असा जाड आवाज आला आणि मग त्या घूंमधून माझी आई गायला लागली.

डबा म्हणजे अण्णांचा अ‍ॅम्प्लिफायर. सूतगिरणीत इलेक्ट्रिक विभागात होते तेव्हा सुटे भाग जमवून त्यांनी तो स्वतः बांधला होता. आतल्या वायरींवरचं कापड कुजलेलं, ट्रान्सफॉर्मर तापला की करपल्याचा वास सुटायचा, आणि पत्र्यात करंट उतरायचा. घरोघरी सीडी आल्या तरी अण्णांचं आपलं तेच. गंजका पत्रा, त्याच्यापुढं स्पूल, म्हणजे टेपेची रिळं, फिरवणारं मशीन, आणि आई. आई जाऊन इतकी वर्षं झाली होती की घरात तिचा विषय कोणी काढत नसे. तिचा आवाज मात्र रोज यायचा. लहानपणी मी शाळेतून आले की बाहेरच्या खोलीत तो चालू असायचा. पुढं नवऱ्याबरोबर माहेरी यायचे तेव्हाही तेच. खरं सांगायचं तर मला त्या आवाजाची भीती वाटायची. माणूस नाही आणि आवाज आहे, हे मला कधी पचलंच नाही.

त्या दिवशी मी सरळ भिंतीवरचा प्लग ओढला. आई ओळीच्या मध्येच बुडाली.

अण्णा उठून आत गेले आणि खाटेवर तोंड फिरवून पडले.

दुपारी मी आमटी-भात कालवून त्यांना भरवायला बसले. उजवा हात कामातून गेलेला, डाव्यानं जेवायला लाज वाटत होती. दोन घास गप्प खाल्ले आणि म्हणाले, “रत्ने, तुझी आई बोलायची कशी गं?”

“कशी म्हणजे?”

“म्हणजे हाक कशी मारायची? माझ्याशी भांडताना आवाज चढायचा का बारीक व्हायचा?”

सांगायला मी तोंड उघडलं आणि काहीच येईना. मी तिसरीत असताना आई काविळीनं गेली. आठवड्याभरात सगळं संपलं. तिच्या हाताचा वास आठवतो, निळं पातळ आठवतं. पण आवाज शोधायला गेले की गाणंच पुढं यायचं.

“मला नाही आठवत, अण्णा.”

“मलाही नाही.” घास तोंडात तसाच धरून ते म्हणाले. “चेहरा आहे. गाणं तर कपाटभर आहे. बोलणं तेवढं गेलंय. कधी गेलं कळलंच नाही बघ. एक दिवस आठवायला गेलो आणि तिथं काहीच नव्हतं.”

“एवढ्या टेपा आहेत की. कशात तरी बोलली असेल.”

“बोलली होती. मीच कापलं.”

मग त्यांनी सांगितलं. आमच्या गावात दिवसरात्र मागांची खटखट. त्यामुळं आठवड्यातून ज्या एका वारी माग बंद असायचे त्याच वारी अण्णा आईला गायला बसवायचे. साथीला काही नाही, नुसत्या गळ्यावर भजनं. रेकॉर्डिंग झालं की स्पूल कपाटात ठेवायची आणि गिरणीला दिवाळीची सुट्टी लागली की ब्लेड आणि चिकटपट्टी घेऊन बसायचं. खोकला आला, काप. कावळा ओरडला, काप. आई अडखळली, हसली, ‘दूध बघून येते हं’ म्हणाली, काप. दोन्ही टोकं जोडून पट्टी लावायची. गिरणीतल्या मित्रांना ते अभिमानानं ऐकवायचे, बघा, सबंध स्पूलमध्ये एक फालतू आवाज नाही.

“फालतू,” अण्णा म्हणाले. “असं म्हणायचो मी. टेपेचे ते तुकडे केरात जायचे.”

“म्हणून रोज ऐकता होय?”

“कापताना चुकून एखादा शब्द राहिला असेल. एवढ्या गाण्यांत एक तरी. मी तेवढ्यासाठी बसतो. गाणी काय, पाठ आहेत मला.”

माझा घास तसाच हातात राहिला. एवढी वर्षं मला वाटत होतं की म्हातारा गाण्यात रमलाय. छे! हा माणूस रोज बायकोचा एक शब्द शोधत होता आणि रोज रिकाम्या हातानं उठत होता. मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम येतं तेव्हा मी कामाला लागते, हा माझा स्वभाव. त्याच संध्याकाळी मी कोल्हापूरच्या उदगावे सरांना फोन लावला.

उदगावे सर म्हणजे माझ्या नवऱ्याचे कॉलेजातले फिजिक्सचे प्राध्यापक. निवृत्तीनंतर त्यांना व्हॉल्व्हचं वेड लागलं होतं. नव्या पद्धतीचे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बांधायचे आणि घरी येईल त्याला धरून ऐकवायचे. माणूस भला, पण तोंडाचा पट्टा असा की समोरच्याला शिंकायलाही सवड मिळू नये. पुढं माग बंद होते त्या वारी ते रिक्षातून उतरले. कवेत वाकळेत गुंडाळलेलं काहीतरी, तान्हं मूल आणावं तसं.

“अण्णासाहेब, एकदा हे ऐका आणि मग तुमचं ते भंगार भंगारवाल्याला द्या!” दारातूनच सुरुवात.

“भंगार म्हणू नका,” अण्णा म्हणाले.

“बरं, पुराणवस्तू म्हणतो. अहो, यातही व्हॉल्व्हच आहेत, काळजी नको. गोडवा तोच, फक्त घाण नाही. तुमच्या डब्यातल्या त्या घूंचं फोनवर वर्णन ऐकून मला तर पिठाची गिरणीच आठवली.”

“त्या घूंमधूनच येते ती.”

“कोण?”

“पद्मा,” अण्णा म्हणाले. सर क्षणभर गप्प झाले. तेवढीच काय ती शांतता.

अट ठरली. स्पीकर तेच, टेप मशीन तेच, स्पूल तीच. आधी जुना, मग नवा. अण्णांना जो पटेल तो राहील, दुसरा जाईल. मी मनातून नव्याच्या बाजूनं होते, उघडच आहे. निदान तो जीव तरी घेणार नव्हता.

“रोज वाजवून घासलेली स्पूल नको,” सर म्हणाले. “क्वचित वाजवलेली असेल ती काढा.”

अण्णांनी कपाटाच्या तळातून एक काढली. “ही फार वाजवत नाही मी. हिच्यात जोड फार आहेत. कापून कापून दमलो होतो.”

आधी डबा लावला. मी प्लगजवळ लाकडी पाटावर उभी, काही झालंच तर ओढायला. घूं झाली, आई आली, गोड गायली. खरंच गोड. अण्णांनी माझ्याकडं बघून मान हलवली, ऐकलंस? सरांनीही नाइलाजानं “आवाज छान आहे हो वहिनींचा” म्हटलं. पहिलं भजन संपल्यावर टेप सुरुवातीला आणली आणि सरांनी वायरी काढून नव्याला जोडल्या.

व्हॉल्व्ह तापले. स्पूल फिरायला लागली. स्पीकरमधून काहीच येईना.

“बंद आहे हे,” अण्णा म्हणाले.

“चालू आहे! हीच तर गंमत आहे. मी म्हणत नव्हतो? नुसती शांतता. आता बघा—”

“श्शू!” अण्णांनी त्यांना गप्प केलं.

त्या शांततेतून, फार लांबून, आई गायली. विहिरीच्या तळातून यावी तशी भजनाची पहिली ओळ, अगदी बारीक. ती विरते न विरते तोच आई खरोखरची गायला लागली, भरल्या आवाजात, तीच ओळ.

अण्णांचा चेहरा पांढरा पडला होता.

“आधी कोण गायलं?” मी विचारलं.

“त्याच की,” सर खुशीत म्हणाले. “घाबरू नका, भूतबीत काही नाही. टेप अशी गुंडाळून ठेवलेली असते, एकावर एक वेढे. वर्षानुवर्षं तशीच राहिली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. म्हणून गाणं सुरू होण्याआधी त्याची सावली ऐकू येते. तुमच्या डब्याच्या घूंमध्ये ती बुडून जात होती. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये लपायला जागाच नाही!”

अण्णा फक्त पुढं सरकले आणि स्पीकरच्या जाळीजवळ कान नेऊन बसले.

पहिलं भजन संपलं. दोन भजनांच्या मध्ये अण्णांनी थोडी कोरी जागा सोडलेली असायची. तिथं एक जोड आला, टक् असा हलका आवाज झाला. आणि मग कोणीतरी बोललं.

बाईचा आवाज. गाणं नव्हतं ते. दोन-तीन शब्द असतील आणि लगेच दुसरं भजन सुरू झालं.

“थांबवा!” अण्णा ओरडले. “मागं घ्या!”

सरांनी टेप मागं पळवली आणि पुन्हा लावली. आता आम्ही तिघंही जाळीला कान लावून. भजनाचा शेवट, टक्, शांतता, आणि अगदी पलीकडच्या घरातून यावं तसं:

“हलू नको गं, रत्ने. गाऊ दे मला.”

माझं नाव. माझ्या आईनं माझं नाव घेतलं होतं.

“हे मी कापलं होतं,” अण्णा म्हणाले. “कापलेलं मला आठवतंय, जोड समोर दिसतोय. मग हे आलं कुठनं?”

सर पहिल्यांदाच हळू बोलले. “कापण्याआधी स्पूल किती दिवस ठेवली होती?”

“आषाढात रेकॉर्ड केली. दिवाळीत कापली.”

“मग बरोबर आहे. तेवढ्या दिवसांत शेजारच्या वेढ्यावर उमटलं. तुम्ही मूळ शब्द कापलेत अण्णासाहेब, पण शेजारचा वेढा तुम्ही ठेवलात. त्याच्यावर हे राहिलं.”

अण्णांनी माझा दंड धरला. बँडेजच्या हातानं, दुखत असणार. “तू मांडीवर असायचीस गं. तुला मांडीवर घेतल्याशिवाय ती गायलाच बसायची नाही. कितीदा म्हटलं, मालनकडं सोड तिला. तर म्हणायची, मग गाणार नाही. तू सारखी चुळबुळ करायचीस, ती तुला दटावायची, आणि मी ते सगळं कापत बसायचो.”

मला यातलं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. रेकॉर्डिंगच्या वेळी मला शेजारी घालवून देत असतील असंच मी धरून चालले होते. त्या गाण्यांशी आपला काही संबंध नाही, ती अण्णांची, असं मला कायम वाटायचं. ज्या आवाजाला मी जन्मभर घाबरत आले, तो माझ्या डोक्यावरून, मला पोटाशी धरून गायलेला होता.

“परत लावा सर,” मी म्हटलं.

सरांनी टेप मागं पळवली. तोंड पुन्हा सुरू झालं होतं, बहुधा त्यांनाही भरून आलं होतं आणि ते लपवायचं होतं. “आम्ही रेडिओवाल्यांना शिकवायचो, हा दोष घालवायचा असेल तर सोपं आहे. टेप तीनचार वेळा जोरात मागंपुढं फिरवायची. शेजारचा ठसा कच्चा असतो, दर फेरीला पुसट होत—”

ते मध्येच थांबले. त्यांचा हात मशीनच्या बटणावर होता.

“होत काय?” अण्णांनी विचारलं.

सरांनी मान खाली घातली.

“म्हणजे आत्ता आपण फिरवली, ती?”

“माझ्या लक्षातच आलं नाही, अण्णासाहेब.”

खोलीत फक्त व्हॉल्व्हची ऊब होती. मी म्हटलं, “एखाद्या कॅसेटवर उतरवून घेऊ या. आत्ताच्या आत्ता.”

“कॅसेटची स्वतःची खरखर याच्यापेक्षा मोठी आहे हो. ती गिळून टाकेल.”

“मग निदान एकदा ऐकू दे मला! एकदाच, अण्णा! मी नीट ऐकलंच नाही. माझं नाव आलं आणि माझं लक्षच उडालं.” मी लहान पोरीसारखी हट्टाला पेटले होते. चाळिशीला आलेली बाई, शाळेत दोनशे पोरांना गप्प करणारी, आणि बापाचा सदरा धरून बसले होते.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि सरांना म्हणाले, “लावा.”

भजनाचा शेवट. टक्. शांतता. दुसरं भजन सुरू झालं.

“आलं?” अण्णांनी विचारलं.

“नाही.”

“मलाही नाही.”

मी पदर तोंडात कोंबून रडले. इतकी वर्षं तिथं होतं, आणि आम्ही मिळाल्याबरोबर हावरटासारखं संपवलं. सर उठून अंगणात जाऊन उभे राहिले.

थोड्या वेळानं ते आत आले, आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, “अण्णासाहेब, हा नवा तुमच्याकडंच राहू दे. माझ्याकडून भेट. एवढं स्वच्छ दुसरं कशात ऐकू येणार नाही.”

“घेऊन जा तुम्ही,” अण्णा म्हणाले.

“अण्णा!” मी म्हटलं. “अहो, यातच तर ऐकू आली ती!”

“हो. आणि आता तिथं काही नाही, तेही यातच ऐकू येणार. रोज येणार. मला जमायचं नाही ते.” ते डब्याकडं वळले. “याच्यात घूं असते. त्या घूंमागं ती बोलतीय असं धरून बसता येतं. नाही असं कोणी म्हणू शकत नाही. सर, याचा करंट तेवढा काढून द्या, म्हणजे ही पोरगी माझ्या डोक्यावर बसणार नाही.”

सरांनी वाद घातला नाही. ज्याला सकाळी भंगार म्हणाले होते, त्याचं पोट उघडून दुपारभर त्याच्याशी झटत बसले. कुजक्या वायरी काढून नव्या घातल्या, अर्थिंग जोडलं, पत्र्यावर स्वतःचा तळहात ठेवून मला दाखवला. मग आपला अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा वाकळेत गुंडाळला आणि निघाले. जाताना एक अक्षर बोलले नाहीत.

मी चहा टाकायला उठत होते.

“बस,” अण्णा म्हणाले. त्यांनी तीच स्पूल डब्याला लावली होती.

“नको अण्णा. आणखी फिरवू नका ती. माझ्यात ताकद नाही.”

“बस म्हटलं ना.”

बसले. डबा तापला, घूं सुरू झाली, भजन झालं. कोरी जागा आली. टक् झालं. घूंशिवाय काही नव्हतं. मी उठायला गुडघा टेकवला, तोच माझ्या कानाशी अण्णा बोलले. तो आवाज त्यांचा नव्हता. ‘नको’वर किंचित रेंगाळलेला, ‘रत्ने’ला खाली उतरलेला, रागाचं सोंग आणि आत हसू. त्यांना सगळा जसाच्या तसा सापडला होता.

“हलू नको गं, रत्ने. गाऊ दे मला.”

आई गायला लागली. भजन संपेपर्यंत मी हलले नाही.